सणसरच्या अलीकडे मी थांबलो

मी पंखा बोलतोय. छताला लटकून सगळ्या घराला वारा घालणारा तो मोठा पंखा म्हणाल, तर तो मी नव्हे. मी मोटारीच्या पोटातला. रेडिएटरच्या मागे चार काळी पाती घेऊन बसलेला, ताटाएवढा पंखा. बोनेट उघडल्याशिवाय माझं तोंड कुणाला दिसत नाही, आणि शहाण्णव सालच्या जानेवारीतल्या त्या सकाळपासून ते दिसूच नये असं मला वाटतं. लाज वाटते हो. दोन वर्षं झाली तरी जात नाही. म्हणून म्हटलं, एकदा सांगून टाकावं.

माझा जन्म भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या मोटरीची तांब्याची तार एका बाईनं गुंडाळली. तिनं मला पहिल्यांदा फिरवून बघितलं, कान लावून ऐकलं, "चाललंय की झकास" म्हणाली आणि खोक्यात घातलं. तेवढं एक सर्टिफिकेट माझ्याजवळ आहे.

काम माझं साधं. इंजिन तापतं, त्याच्याभोवती पाणी फिरतं, ते तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये येऊन गार होतं. गाडी पळत असली की समोरचा वारा ते काम फुकटात करतो, तेव्हा मला कुणी विचारत नाही. पण गाडी अडली, रेंगाळली, की वारा थांबतो. मग पाण्यातलं एक बटण आपोआप दाबलं जातं आणि मला हाक येते, की ऊठ बाबा, फिर. थोडक्यात, अडचणीच्या वेळी उपयोगी पडायचं एवढंच माझ्याकडून कुणाला हवं असतं. आणि तेवढंच मला जमलं नाही.

माझी पहिली चार वर्षं बारामतीत एका डॉक्टरांकडे गेली. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. सावलीत उभी राहणारी गाडी आणि तिच्यात झोपा काढणारा मी. पंच्याण्णवच्या दिवाळीत डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि आम्हाला कळंबच्या समाधान सरांना विकून टाकलं.

समाधान सर कळंबच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात. गाडी दारात आली तेव्हा गल्लीतली झाडून सगळी माणसं बघायला जमली. सरांची आई रंगुबाई उंबऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. धाकटी बहीण प्रियदर्शनी गाडीभोवती फेऱ्या मारत होती. डॉक्टरांच्या घरच्यांनी पुढच्या जाळीला लिंबू-मिरची बांधलेली होती. सरांनी सगळ्यांदेखत ती ओढून तोडली आणि नाल्यात फेकली.

"आमच्या घरात हे चालत नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "आबांनी देव नदीला सोडले ते काय उगीच?"

ते खरंच होतं. छप्पन सालानंतर गावात दीक्षा झाली, तेव्हा सरांचे वडील ज्ञानू यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात गुंडाळून नीरेच्या पाण्यात सोडले होते. ते फडकं नव्या नवरीनं, म्हणजे रंगुबाईनंच, आपल्या लुगड्याचं फाडून दिलं होतं. आजही विहारात सगळ्यात आधी येऊन बसते ती रंगुबाई. वंदना तिला तोंडपाठ. खोटी बाई नाही ती, मी हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला भलतंसलतं म्हणाल.

जानेवारीत प्रियदर्शनीला एक पत्र आलं. पोरगी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली, दोन वर्षं घरी बसलेली. बारामतीच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायला माणूस हवा होता. जागा एकच. पत्रात खाली जाड अक्षरात छापलं होतं, की मुलाखत सकाळी अकरा वाजता, उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही. भावाबहिणीचं ठरलं होतं. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही लागली तर उन्हाळ्यात उरकायचं. गाडीत मागच्या सीटवर बसून तिनं ते पत्र इतक्या वेळा वाचलं, की मला ऐकून ऐकून पाठ झालं.

"एसटीनं जाते की मी," ती म्हणाली होती.

"छट्! गाडी कशाला घेतलीय मग?" सर म्हणाले. "आपल्या गाडीतनं उतरायचं डेअरीच्या दारात. आणि आईपण येईल."

दोन दिवस आधी त्यांनी सणसरला मुजफ्फरच्या गॅरेजात नेऊन क्लचची वायर बदलून आणली. मुजफ्फर मोजकं बोलणारा, हात स्वच्छ पुसून मगच स्टिअरिंगला लावणारा मिस्त्री. माझ्याकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही, कारण माझं काही दुखतच नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी सरांनी बोनेट उघडलं, पाणी बघितलं आणि कॅन आणायला आत गेले. तेवढ्यात रंगुबाई आली. इकडंतिकडं बघितलं आणि पदराखालनं एक काळा दोरा काढला. त्यात एक बारकं लिंबू, चार मिरच्या आणि खाली बिब्बा. शेजारच्या मुक्ताबाईनं आदल्या दिवशी तिच्या डोक्यात भरवलं होतं, की दारात गाडी आली, आता लेक नोकरीला लागायची, लोकांच्या नजरा काय चांगल्या असतात व्हय? रंगुबाई रात्रभर कूस बदलत राहिली असणार. बाहेर बांधावं तर समाधान तोडणार. म्हणून तिनं आत बांधलं. कुठं? तर माझ्या कडेच्या पट्टीला.

तिचं तरी काय चुकलं म्हणा! मी गप्प उभा होतो. इंजिन गार होतं. तिला वाटलं, गाडीची ही आतली जाळी असेल. फिरणारी वस्तू आहे हे तिला कोण सांगणार? दोरा तिनं चांगला लांब ठेवला आणि तो माझ्या पात्यांमध्ये लोंबत राहिला. मग तिनं चक्क मला हात जोडले.

"माज्या पोरीला येळंवर पोचीव रं बाबा," ती पुटपुटली.

आता मनातली गोष्ट सांगतो, हसू नका. मला आजवर कुणी हात जोडले नव्हते. शिव्या खाल्ल्यात, धूळ खाल्लीय, पण हात? मी फुलून गेलो. दोरा गुंतणार हे मला दिसत होतं. तोंड नव्हतं म्हणून बोललो नाही हे खरं, पण खरं हेही आहे, की त्या घटकेला मला बोलावंसंही वाटलं नाही. इतका मी हुरळलो होतो.

सव्वानऊला निघालो. वालचंदनगर गेलं, जंक्शन गेलं. रस्ता मोकळा, वारा भरपूर, मला हाक नाही. सर शीळ घालत होते. प्रियदर्शनी दुधातली भेसळ कशी ओळखायची ते स्वतःशी घोकत होती. जंक्शनच्या पुढे मात्र उसाच्या गाड्या लागल्या. हंगाम भरात होता. पुढे बैलगाड्यांची ही लांबलचक रांग, मध्ये ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि समोरून येणाऱ्या रिकाम्या गाड्या. ओलांडून जायला जागा म्हणून नाही. आम्ही बैलांच्या चालीनं चालू लागलो.

पाणी तापलं. बटण दाबलं गेलं. हाक आली.

मी उठलो आणि फिरलो. एक वेढा, दोन वेढे, तीन. दोरा माझ्या गळ्याभोवती आवळला गेला, मिरच्या चिरडल्या, लिंबू पाती आणि पट्टीच्या बेचक्यात येऊन रुतलं. मी जोर लावला. सगळा जीव एकवटून लावला. माझी तार तापली, जळका वास सुटला आणि तिकडे माझा फ्यूज उडाला. मग अंगात वीजच राहिली नाही. मी थांबलो.

सरांच्या समोरचा तापमानाचा काटा चढत गेला. सरांना दिसला तोवर बोनेटमधनं वाफ निघायला लागली होती. सणसरच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. रागारागानं रेडिएटरचं झाकण उघडायला गेले, तर प्रियदर्शनीनं मनगट धरलं.

"दादा, अंगावर येईल सगळं. थांब जरा."

दहा मिनिटं थांबून, पाणी घालून पुन्हा निघालो. जरा पळालो की काटा खाली, रांगेत अडकलो की वर. सणसरात शिरलो आणि पुन्हा वाफ. आणि गाडी बंद पडली कुठं? बरोबर मुजफ्फरच्या गॅरेजसमोर. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं.

मुजफ्फर हात पुसत बाहेर आला. "काय झालं, सर?"

"काय झालं म्हणून मलाच विचारतोस?" सर ओरडलेच. "परवा तुझ्याकडं गाडी दिली आणि आज ही दशा! आत काय घोळ घालून ठेवलास?"

गॅरेजात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. रस्त्यावर गेणबा नावाचा म्हातारा गाडीवान बैलांना पाणी दाखवायला थांबला होता. सगळे बघायला लागले. मुजफ्फरच्या तोंडावरचा रंग उडाला.

"सर, म्या फकस्त क्लचची वायर टाकली. फुडं हात घातला न्हाय. पळताना काटा खाली येतोय का?"

"येतो."

"आन् गाडी हळू झाली की चढतोय. म्हंजी पंखा फिरत न्हाय. पाच मिनिटांत बघतो, सरका."

"तू हात लावायचा नाहीस आता! आधी बिघडवायचं आणि मग दुरुस्तीचं नाटक. काय माणसं असतात!"

मुजफ्फर मागे सरला. पान्हा हातात तसाच. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो, गळ्यात पुरावा घेऊन. ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अरे, याचं काही नाही, हे बघा माझ्याकडे. पण मला कुठलं आलंय तोंड?

तोंड होतं ते रंगुबाईला. ती गाडीतनं उतरली, बोनेटपाशी आली, आत वाकली. मला जवळनं बघितलं. माझ्या गळ्यातला काळा वेढा बघितला, चिरडलेली हिरवी मिरची बघितली. तिला सगळं कळलं. आता बोलेल, आता बोलेल म्हणून मी वाट बघत राहिलो. ती पदर तोंडाला लावून बाजूला जाऊन उभी राहिली.

सर स्वतःच खटपट करत होते. पाणी ओत, ही वायर हलव, ती हलव. विज्ञान शिकवणारा माणूस, पण हात कधी तेलात बुडालेला नाही. मी सावलीत, मध्ये बसलेला, आणि ते शोधत होते भलतीकडेच. एक एसटी आली. प्रियदर्शनी हात वर करून रस्त्यावर धावली. एसटी गच्च भरलेली होती, थांबली नाही.

"सर, ताईंना येळ होतोय," मुजफ्फर लांबूनच म्हणाला. "फ्यूज तेवढा बघू द्या. मग मला काय बोलायचं ते बोला."

"तू गप्प बस."

प्रियदर्शनी घड्याळ बघत होती. दहा पंचवीस. दहा तीस. पत्र तिच्या हातात घामानं ओलं झालं होतं. एकदा तिनं आईकडे बघितलं, आणि रंगुबाईनं मान फिरवली. अहो, काय सांगू, त्या वीस-पंचवीस मिनिटांची मला जेवढी लाज वाटते तेवढी थांबल्याचीही नाही वाटत. दोघं होतो आम्ही जाणणारे. एकाला तोंड नाही आणि एकीला ते उघडवत नाही.

दहा पस्तीसला सर मुजफ्फरच्या अंगावर धावून गेले. "तुझ्यामुळं पोरीचं वाटोळं होतंय! उद्या सगळ्या पंचक्रोशीत सांगतो, तुझ्याकडं सायकलसुद्धा कुणी देऊ नका!"

तेव्हा रंगुबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"त्येला बोलू नगं, समाधान. त्येनं काय बी केलं न्हाय. म्या केलंय."

"तू? तू काय केलंस?"

"दोरा बांधलाय. सकाळी. आत, त्या काळ्या पट्टीला. लिंबू-मिरचीचा." तिचा आवाज बसला होता. "मला वाटलं, पोरीला नजर नगं लागाया."

गेणबा खुदकन हसला. "आत्ता! सर, तुमच्यात बी चालतंय व्हय हे?"

त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं, म्हातारा सहज बोलून गेला. पण सरांचा चेहरा मी बघितला. सगळ्या गावापुढे लिंबू-मिरची तोडणारा माणूस तो. ते वळले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. रंगुबाई जिथं होती तिथंच खाली बसली, धुळीत.

मुजफ्फरनं बॅटरीची वायर सोडली, ब्लेड घेतलं आणि माझ्या गळ्याशी हात घातला. दोरा कापला, लिंबाचा चोथा काढला, बोटानं माझं पातं फिरवून बघितलं. ते सगळं त्यानं चिंधीत गुंडाळून खिशात घातलं, कुणाला दाखवलं नाही. नवा फ्यूज बसवला, वायर जोडली. हाक आली आणि मी फिरलो. पहिल्यासारखा नाही. तार थोडी जळली होती, त्यामुळे घरघर लागली होती. पण फिरलो.

"मावशी, उठा," तो रंगुबाईला म्हणाला. "गाडी झाली."

दहा पंचेचाळीस. बारामती पंधरा-सोळा किलोमीटर. पुढे पुन्हा उसाच्या गाड्या. मी आयुष्यात कधी फिरलो नाही तेवढा त्या दिवशी फिरलो. काटा एक रेघही वर चढू दिला नाही. पण रस्त्यावरच्या बैलांना मी काय करणार?

डेअरीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. प्रियदर्शनी धावत गेली. आतल्या माणसानं तिचं पत्र घेतलं, वाचलं आणि त्यातल्या जाड अक्षरांवर बोट ठेवलं. तो रागावला नाही, ओरडला नाही. "ताई, आत सुरू झालंय," एवढंच म्हणाला. ती थोडा वेळ फाटकाशी उभी राहिली आणि परत येऊन मागच्या सीटवर बसली.

येताना सणसरला सरांनी आपणहून गाडी थांबवली. गॅरेजात आता जास्त माणसं होती. सर त्या सगळ्यांच्या मधून मुजफ्फरपर्यंत गेले.

"मुजफ्फर, चुकलं माझं. सकाळी जे बोललो ते सगळं चुकलं."

मुजफ्फर कुठल्याशा मोटरसायकलची साखळी ताणत होता. त्यानं वर बघितलं. "ताईंचं काय झालं?"

सरांनी नुसती मान हलवली. मुजफ्फर उठला, गाडीपाशी आला, माझा आवाज ऐकला. म्हणाला, "पंख्याची मोटर जराशी जळालीय. चालंल अजून. जास्त आवाज कराय लागला की आणा." पैसे त्यानं घेतले नाहीत, आणि त्यानं सरांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जंक्शन ओलांडेपर्यंत रंगुबाई खिडकीला चिकटून, अंग चोरून बसली होती. लेक आता तडातडा बोलेल म्हणून ती वाट बघत होती. मला वाटतं, बोलली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"आई," शेवटी प्रियदर्शनी म्हणाली. "सकाळी मला सांगितलं असतंस, तर मीच बांधला असता दोरा. बाहेरच्या जाळीला."

"तुजा इश्वास न्हाय की त्येच्यावर."

"नाहीच. तुझ्यासाठी बांधला असता."

रंगुबाईच्या डोळ्यांतनं सकाळपासून पाण्याचा थेंब आला नव्हता. आता ती हुंदके देऊन रडायला लागली.

"मी तोडला असता," सर समोर बघत म्हणाले. त्यांना ते म्हणायलाच हवं होतं बहुतेक.

"म्हणून तर तिनं आत बांधला, दादा."

सरांनी गाडी हळू केली. समोर गाडी नव्हती, बैल नव्हते, तरी हळू केली. वारा थांबला, पाणी तापलं, मी फिरायला लागलो. घरापर्यंत माझी घरघर आणि रंगुबाईचं रडणं, एवढंच त्या गाडीत ऐकू येत होतं.

उन्हाळ्यात प्रियदर्शनीचं लग्न झालं. माणूस चांगला मिळाला, इंदापुरात घर आहे. पण दूध तपासायचं ते राहिलंच. माहेरी येते तेव्हा गाडीत बसताना माझा आवाज ऐकून हसते. म्हणते, "दादा, हा म्हातारा अजून आहे का?" ती हसते ना, तेव्हा मला जास्त लाज वाटते.

आता अठ्ठ्याण्णव साल चाललंय. माझे दिवस भरत आलेत. मुजफ्फरनं परवाच सांगितलं, की नवा टाकावा लागेल. टाकू दे. जाण्याआधी तुम्हाला एक विनवणी करतो. घरातलं कुणी जिवाच्या भीतीनं काही बांधत असेल, तर तुमचा विश्वास असो नसो, ते ओढून तोडू नका. आणि बांधणाऱ्या माउलींनो, बांधायचंच असेल तर बाहेर बांधा, चार माणसांना दिसेल असं. आत मी असतो, आणि हाक आली की मला फिरावंच लागतं.